एक वर्ग, चार पावत्या : सरकारी शिष्यवृत्तीचा पैसा कसा चालतो

आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. समजा, तिथल्या एकाच वर्गात चौघे शिकत आहेत. पहिला आहुप्याकडचा महादेव कोळी समाजातील मुलगा, दुसरी ओतूरच्या मराठा शेतकऱ्याची मुलगी, तिसरा तिचाच चुलतभाऊ आणि चौथा नारायणगावचा माळी समाजातील मुलगा. पहिल्याच्या घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, बाकीच्यांचे आठ लाखांच्या आत. चौघांचे प्राध्यापक एक, प्रयोगशाळा एक, विद्यापीठाची परीक्षाही एकच. तरी प्रवेशाच्या चार पावत्यांवरचे आकडे एकसारखे नाहीत. आहुप्याच्या मुलाला शिक्षण शुल्क नाही आणि ओतूरच्या मुलीलाही नाही. तिच्या चुलतभावाला आणि नारायणगावच्या मुलाला मात्र ते निम्मे भरावे लागते. शुल्काच्या खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्या पालकांना हा कोणाच्या तरी मर्जीचा कारभार वाटतो. प्रत्यक्षात चौघे तीन वेगवेगळ्या खात्यांच्या योजनांत बसतात आणि प्रत्येक खात्याचा नियम वेगळा आहे.

तीन खाती, तीन नियम

आहुप्याच्या मुलाचा खर्च आदिवासी विकास विभाग उचलतो. त्याला मिळते ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. गावाकडे तिला सरसकट ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणतात. नाव भारत सरकारचे असले तरी तिच्यातील ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी हे प्रमाण ६० आणि ४० आहे. ही योजना स्वातंत्र्याच्या आधीची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, ती प्रथम अनुसूचित जातींसाठी सुरू झाली आणि आदिवासी विद्यार्थ्यांना तिचा लाभ नंतर मिळू लागला.

ओतूरची मुलगी आणि तिचा चुलतभाऊ उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत येतात. आजच्या आजोबांच्या पिढीला हीच सवलत ‘ईबीसी’ या नावाने माहीत आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वर्षाला १२०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांची फी माफ झाली आणि ग्रामीण महाराष्ट्राची एक अख्खी पिढी त्या सवलतीवर शिकली. आज उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. सवलत मात्र पूर्ण नसून शिक्षण शुल्काच्या आणि परीक्षा शुल्काच्या निम्मी आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने यात मोठा बदल झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील ज्या मुली केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतात, त्यांचे हे दोन्ही शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाले. त्यापोटी सरकारने सुमारे ९०६ कोटी रुपयांचा वाढीव भार स्वीकारला. बहिणीची पावती कोरी आणि भावाची निम्मी दिसते ती यामुळे.

नारायणगावचा मुलगा इतर मागास बहुजन कल्याण विभागाचा लाभार्थी आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमात विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण शिक्षण शुल्क मिळते, तर इतर मागास प्रवर्गातील मुलांना निम्मे. तोच मुलगा मुलगी असता तर पावती कोरी झाली असती.

‘मोफत शिक्षण’ या शब्दांवर फार विसंबू नये. माफी आहे ती शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. विकास शुल्क, अनामत रक्कम, गणवेश, जर्नल, लॅपटॉप यांचा त्यात समावेश नाही. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला तर ही माफी लागूच होत नाही. शंभर टक्के माफीची जाहिरात वाचून गेलेल्या पालकांच्या हातात पडणारी पावती शून्याची नसते, हे आधीच माहीत असलेले बरे.

शुल्क सुटले, खोली आणि जेवण राहिले

शिष्यवृत्तीचे दोन भाग असतात. एक शुल्काचा, जो महाविद्यालयासाठी असतो. दुसरा निर्वाह भत्त्याचा, जो विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवणासाठी असतो. चर्चा नेहमी पहिल्याची होते. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील मुलांना मात्र दुसऱ्याचीच चणचण जास्त भासते.

या दोन तालुक्यांचा नकाशा पाहिला की कारण समजते. पूर्वेला पुणे-नाशिक महामार्गावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही बाजारपेठांची गावे आहेत. पाट, टोमॅटो, ऊस, बँका आणि महाविद्यालये सगळी त्याच बाजूला. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत आहुपे, माळीण, तळेघर, आंबे, हातवीज, इंगळून ही गावे आहेत. पावसावरचा भात, हिरडा आणि मजुरी ही तिथली मुख्य कमाई. बारावीपर्यंत आश्रमशाळा किंवा घोडेगाव-जुन्नरची शाळा पुरते. पुढे पुण्याला किंवा निदान मंचरला राहण्यावाचून गत्यंतर नसते. कला शाखेचे शुल्क मुळातच थोडे असते. खर्च होतो तो खोलीवर आणि जेवणावर.

आता निर्वाह भत्त्याचे आकडे पाहू. अनुसूचित जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अभ्यासक्रमांचे चार गट केलेले आहेत. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीसारख्या पहिल्या गटात महिन्याला १२०० रुपये मिळतात, तर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. असलेल्या तिसऱ्या गटात ५७०. घरून ये-जा करणाऱ्याला हेच दर अनुक्रमे ५५० आणि ३०० आहेत. भत्ता वर्षातील दहा महिन्यांचा. म्हणजे पुण्यात राहून बी.ए. करणाऱ्या मुलाच्या हाती वर्षाला ५,७०० रुपये पडतात. पुण्यात एवढ्या पैशांत वर्ष सोडाच, दोन महिनेही निघत नाहीत. अनुसूचित जातींसाठीचे दर २०२१ मध्ये वाढले आणि तिसऱ्या गटातील वसतिगृहवासी विद्यार्थ्याला वर्षाला ६,००० रुपये मिळू लागले. फरक तीनशे रुपयांचा!

ही पोकळी भरून काढण्याचा पहिला मार्ग म्हणजे सरकारी वसतिगृह. तिथे राहणे आणि जेवण दोन्हींची सोय असते. परंतु जागा मोजक्याच असतात आणि अर्ज त्यांच्या कितीतरी पट येतात. प्रवेश मिळाला नाही तर काय, या प्रश्नाला २०१६-१७ पर्यंत नीट उत्तर नव्हते.

वसतिगृह नाही, तर पैसे : ‘स्वयम’

२०१६-१७ मध्ये आदिवासी विकास विभागाने पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आणली. वसतिगृहासाठी अर्ज करूनही ज्याला जागा मिळाली नाही, त्याने बाहेर खोली घ्यावी आणि खर्चाची ठरावीक रक्कम सरकारने त्याच्या खात्यात जमा करावी, अशी तिची रचना आहे. मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर यांसारख्या शहरांसाठी ही रक्कम वर्षाला ६० हजार आहे. त्यात भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार आणि निर्वाहाचे ८ हजार धरलेले आहेत. इतर महापालिका शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, आणि नंतर अशा योजनांत तालुक्याच्या ठिकाणासाठी ३८ हजारांचा टप्पाही आला. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्यासाठी वर ५,००० रुपये आणि इतरांना २,००० रुपये मिळतात.

साठ हजारांचा आकडा ऐकायला मोठा वाटतो. दहा महिन्यांवर विभागला तर जेवणाचे महिन्याला ३,२०० येतात, म्हणजे दिवसाला साधारण १०७ रुपये. खोलीचे महिन्याला २,०००. पुण्यात या पैशांत स्वतंत्र खोली मिळत नाही. तीन-चार जणांत वाटून घेतलेली खोली किंवा कॉट बेसिसवरची जागा मिळते, तीही शहराच्या कडेला. तरी ५,७०० रुपयांच्या तुलनेत हा आधार दहापटीहून अधिक आहे. आदिवासी मुलाने पुण्यात टिकून पदवी पूर्ण करणे आणि दिवाळीनंतर गावी परतणे, या दोहोंतील फरक बऱ्याचदा याच रकमेने पडतो.

योजनेच्या अटींत राहण्याच्या ठिकाणाचा विचार दोनदा होतो. विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी हवा आणि ज्या गावात किंवा शहरात त्याचे महाविद्यालय आहे तिथला तो रहिवासी नको. घोडेगावात घर असलेल्या मुलाने घोडेगावच्याच महाविद्यालयात प्रवेश घेतला तर त्याला ‘स्वयम’ नाही. हे रास्तच आहे, कारण पैसा घरापासून दूर राहण्याच्या खर्चाचा आहे.

इतर समाजांसाठी याच धर्तीच्या योजना निघाल्या. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. इतर मागास, विमुक्त, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, जिच्यात सुरुवातीला दर जिल्ह्याला ६०० विद्यार्थी धरले होते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमातील मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा मोठ्या शहरांत वर्षाला ३० हजार आणि इतरत्र २० हजार असा दर होता. ओतूरच्या चुलतभावाने पाहायची योजना हीच. बऱ्याच जणांना तिचे नावही ठाऊक नसते.

पैसे द्यावेत की जेवण, हा वाद मात्र मिटलेला नाही. २०१८ मध्ये सरकारने शहरांतील आदिवासी वसतिगृहांच्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे खात्यात देण्याचे ठरवले. त्याविरुद्ध त्याच वर्षी जुलैमध्ये विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिकला पायी मोर्चा काढला. तो मंचर, नारायणगाव, आळेफाटा अशा याच महामार्गावरच्या गावांतून गेला. विद्यार्थ्यांचे म्हणणे सोपे होते. खानावळीत ताट रोज समोर येते, खात्यातला पैसा येईल तेव्हा येतो. हा आक्षेप किती खरा होता, ते पुढे पैशाचा मार्ग पाहिला की दिसते.

अडीच लाखांची रेषा

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे. ती २०१३ मध्ये ठरली आणि त्यानंतर अनेक वर्षे तशीच राहिली. तेव्हापासून मजुरी वाढली, पगार वाढले, भाजीचे भाव वाढले, रेषा मात्र जागची हलली नाही. परिणामी, पूर्वी तिच्या आत सहज बसणारी घरे हळूहळू बाहेर पडली. घरात एक जण कंपनीत कंत्राटी कामाला लागला तरी ती ओलांडली जाते.

अडीच लाखांच्या वर गेलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याचे शुल्क फ्रीशिपमधून माफ होते, त्यामुळे महाविद्यालयाची चिंता मिटते. जातो तो निर्वाह भत्ता आणि त्याबरोबर ‘स्वयम’. उत्पन्न दोन लाख एकोणपन्नास हजार असलेल्या घरातील मुलाला पुण्यात साठ हजार मिळतात, दोन लाख एक्कावन्न हजारवाल्याला काहीच नाही. दोन हजारांच्या फरकाने साठ हजार जाणे ही योजनेतील सरळसरळ उणीव आहे. उत्पन्नाबरोबर मदत हळूहळू कमी होत गेली असती तर रेषेवरच्या घरांची ही ओढाताण झाली नसती.

कागदांची साखळी

पात्रता कागदावर सिद्ध करावी लागते, आणि एक कागद मिळवायला दुसरा लागतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल, जातीच्या दाखल्यासाठी वडील-आजोबांचे शाळेचे दाखले, जात वैधतेसाठी जातीचा दाखला. अनुसूचित जमातीच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जमातीचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. महादेव कोळी कुटुंबांची अडचण वेगळीच असते. जुन्या मास्तरांनी शाळेच्या रजिस्टरमध्ये नुसते ‘हिंदू कोळी’ लिहून ठेवलेले असते. कोळी नावाच्या सगळ्याच जाती अनुसूचित जमातीत नसल्याने त्या दोन शब्दांपायी व्हॅलिडिटीची फाईल महिनोन्महिने अडून राहते. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी किंवा जमिनीची कागदपत्रे शोधावी लागतात.

*चौकट : कोणता कागद कुणाकडे*

वय, राष्ट्रीयत्व व अधिवास दाखला (डोमिसाईल) आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. जुन्नरकरांचे तहसील जुन्नरला आहे, आंबेगावकरांचे घोडेगावला. अर्ज सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ केंद्रातून करता येतो. अधिवासासाठी राज्यात सलग १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रांताधिकारी देतात. जात वैधता प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते. आदिवासी वसतिगृह आणि ‘स्वयम’ यांचे काम घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चालते. बोनाफाईड आणि हजेरीचा दाखला महाविद्यालय देते.

पैसा येतो कसा, अडतो कुठे

एके काळी शिष्यवृत्तीची यादी महाविद्यालय तयार करी, रक्कम संस्थेच्या खात्यात येई आणि विद्यार्थ्याला सही करून पैसे मिळत. यात खोटी नावे आणि एकाच मुलाचे दोन ठिकाणी प्रवेश असे प्रकार घडले. २०१६ च्या सुमारास राज्याला त्यांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले. त्यानंतर सगळ्या विभागांच्या योजना महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर आल्या आणि लाभ आधार क्रमांकाशी जोडला गेला.

या संकेतस्थळावर विद्यार्थी आपली माहिती भरतो आणि योजना निवडतो. अर्ज आधी महाविद्यालयातील लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांकडे, तिथून संबंधित विभागाच्या जिल्हा किंवा प्रकल्प कार्यालयाकडे. कोणत्याही टप्प्यावर चूक सापडली की अर्ज ‘सेंड बॅक’ होऊन विद्यार्थ्याकडे परत येतो. मोबाइलला रेंज नसलेल्या गावात सुटीवर गेलेल्या मुलाला हे कळायला आठवडे लागतात, आणि तोवर मुदत संपण्याची वेळ येते.

अर्ज मंजूर झाला म्हणजे पैसे निघाले असेही नाही. इथे कुकडी प्रकल्पाच्या पाटाची आठवण व्हावी. धरणात पाणी आहे म्हणून शेतात ते रोज येत नाही. आवर्तन सुटावे लागते, मग पाणी मुख्य कालव्यातून पोटचारीत, आणि तिथून पाळीप्रमाणे शेवटच्या शेताला पोहोचते. शिष्यवृत्तीची तरतूद अर्थसंकल्पात झालेली असते, हे झाले धरण. वित्त विभाग ती टप्प्याटप्प्याने विभागाला वितरित करतो. विभाग देयक तयार करून कोषागारात पाठवतो, आणि तिथून रक्कम खात्यावर येते, तीही साधारणपणे दोन हप्त्यांत. ‘स्वयम’चे हप्तेही टप्प्यांत येतात आणि हजेरीचा दाखला पोहोचल्याशिवाय पुढचा सुटत नाही. एका आवर्तनात शेवटच्या शेताला पाणी पोहोचले नाही तर पुढच्याची वाट पाहावी लागते. घरभाडे मात्र जुलैपासून दर महिन्याला द्यावे लागते. हप्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये आला तर मधले सहा-आठ महिने घरचे उसनवारीवर किंवा बचत गटाच्या कर्जावर काढतात. विद्यार्थ्याचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि सरकारचे एप्रिलमध्ये, या दोन वर्षांची गाठ नीट पडत नाही हे अडचणीचे मूळ आहे. पात्र ठरलेल्या विद्यार्थ्याला पहिला हप्ता प्रवेशाच्या वेळीच मिळाला तर साठ हजारांची किंमत आजच्यापेक्षा कितीतरी वाढेल.

अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. त्यातील शुल्काची रक्कम विद्यार्थ्याने स्वतः महाविद्यालयात भरायची असते. हा पैसा खर्चाचा समजून वापरला गेला तर वर्षाअखेरीस महाविद्यालय थकबाकी दाखवते आणि दाखला अडतो.

शेवटचा टप्पा : खाते आणि नूतनीकरण

खात्याचा घोळ अगदी शेवटी होतो. महाडीबीटीचा पैसा आधार क्रमांकाच्या आधारे जातो. विद्यार्थ्याची दोन-तीन खाती असतील तर ज्या खात्याला आधार सर्वांत शेवटी जोडला गेला, तिथेच तो जमा होतो. पोस्ट पेमेंट्स बँकेत गावात कधीतरी उघडलेले खाते, आईबरोबरचे जुने खाते किंवा मोबाइल दुकानदाराने उघडून दिलेले खाते यांपैकी कुठेही. पैसा आला नाही म्हणून चकरा मारणाऱ्या काहींचा पैसा असाच दुसऱ्या खात्यात पडलेला असतो. खाते बरेच दिवस न वापरल्याने बंद पडले असेल तर रक्कम परत जाते. अर्ज भरण्यापूर्वीच बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडला आहे, हे विचारून घ्यावे.

शिष्यवृत्ती एकदा मिळाली की पदवी होईपर्यंत आपोआप चालू राहते, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. दरवर्षी ‘रिन्यूअल’चा अर्ज नव्याने भरावा लागतो, आणि आधीच्या वर्षाची गुणपत्रिका त्याला जोडावी लागते. मुदत संपलेला उत्पन्नाचा दाखला जोडला तर अर्ज पुन्हा परत येतो, म्हणून नवा दाखला मे महिन्यातच, म्हणजे तहसीलमध्ये प्रवेशाची गर्दी होण्याआधी, काढून ठेवावा.